सरबतासाठी घेतलेला शेकर

आमच्या घरात जमिनीखालचं काही शिजत नाही, मध येत नाही आणि दिवस मावळला की जेवण नाही. अशा घरातली मी, सांगलीच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी भर दुपारी गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात उभी राहून कॉकटेल शेकर मागत होते. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी निघाला. असं नेमकं नको तेव्हाच होतं.

‘‘शेकर व्हय मॅडम? हाय की,’’ म्हणत त्याने प्लॅस्टिकची एक बाटली पुढे केली. ‘‘घरात कोण जिमला जातंय?’’

मी म्हटलं, जिमचा नव्हे, स्टीलचा. त्याने ताक घुसळायची बरणी काढली. मी म्हटलं, ताकाचाही नव्हे. शेवटी आवाज खाली आणून सांगितलं, ‘‘हॉटेलात दारू हलवतात बघ, तसला.’’ त्याने आधी माझ्याकडे आणि मग दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

‘‘तुमाला?’’

‘‘सरबताला!’’ मी इतक्या जोरात म्हणाले की कढई बघत असलेल्या दोन बायका वळल्या. मी खरं बोलत होते, तरी माझे कान तापले. शेकर त्याच्याकडे नव्हता. संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या गल्लीत माझ्या आधी पोचलेली असणार, हे मी घरी चालत येताना गृहीत धरलं होतं.

शेकर हवा होता माझ्या धाकट्या भावासाठी. तो कराडला असतो. ठिबक सिंचनाच्या पाइपांचं, नळांचं, व्हॉल्व्हचं दुकान आहे त्याचं. माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि त्याला रागवायचा मक्ता पहिल्यापासून माझ्याकडे. आमच्या समाजात पिणारे नाहीत असं मुळीच नाही. आहेत, फक्त बोलत नाही कुणी. हा पंधरा वर्षं पीत होता आणि आम्ही पंधरा वर्षं ‘त्याला ॲसिडिटी आहे’ असं म्हणत होतो. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि त्याला मिरजेला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला आणि भावजयीला बाहेर बोलावून सांगितलं की यकृत अजून सावरेल, पण आता एक थेंब जरी गेला तरी आमच्याकडे परत आणू नका.

त्या चातुर्मासात आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक मुनी महाराज मुक्कामाला होते. महाराजांपुढे उभं राहून काहीतरी सोडायचा नियम घ्यायचा, ही आमची रीत. कुणी बटाटा सोडतं, कुणी गोड सोडतं, कुणी टीव्ही. मी भावाला घेऊन गेले. त्याने हात जोडून जन्मभराचा दारूचा त्याग केला. मी मागे उभी होते, मला हुंदका आला. महाराजांनी माझ्याकडे पाहून विचारलं, ‘‘आणि बहीण काय सोडते?’’

मी चहा सोडला.

चहा माझ्यासाठी काय होता ते सांगायला हवं. दिवसाला पाच कप. शाळेत असताना मधल्या सुट्टीचा चहा चुकला की चौथ्या तासाला वर्गाची खैर नसायची. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा कुणीतरी हातात कप दिला तेव्हा कुठे मला रडू फुटलं. तो चहा मी सर्वांसमोर सोडला आणि म्हटलं, भावाचा नियम आहे तोवर माझाही. बस्तीतल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी न सांगता माझ्यापुढे दूध यायला लागलं. बाई चहा घेत नाहीत म्हणजे भावाचा नियम चालू आहे, हे गल्लीतल्या पोरासोरांना पाठ झालं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही.

संध्याकाळ मोठी अवघड जाते त्यांना, असं भावजय फोनवर म्हणायची. पाच वाजले की घरभर फिरतात, कपाटं उघडतात, झाकतात. मी तो प्रश्न विज्ञानाच्या मार्गाने सोडवायला घेतला. त्याच्या हाताला त्या वेळी काम हवं, आणि हातात थंडगार पेला हवा, एवढं मला कळलं. मोबाइलवर तसले व्हिडिओ पाहिले. दारू न घालता घरी पेयं बनवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण सगळ्यांच्या पाककृतीत आलं आणि मध. आमच्याकडे दोन्ही बाद. मी आल्याच्या जागी सुंठ आणि मधाच्या जागी काकवी अशी वहीत यादी केली.

शेकर तीन तऱ्हेचे असतात हे मला साठीनंतर कळलं. एक नुसते दोन पेले, एकावर एक उलटे दाबायचे. दिसायला सोपं, पण दाबायचा हात सरावाचा लागतो, नाहीतर सगळं अंगावर. दुसरा दोनच भागांचा, दिसायला देखणा, पण गाळणी वेगळी घ्यावी लागते. तिसरा तीन भागांचा: खाली पेला, वर झाकणातच बसवलेली गाळणी, त्यावर टोपी. गाळणी आतच आहे म्हटल्यावर माझं मन तिथेच बसलं. ज्या घरात नळाला जन्मभर फडकं बांधलेलं असतं, पाणी गाळल्याशिवाय तांब्यात पडत नाही, त्या घरातल्या बाईला दुसरं काय आवडणार?

तिसऱ्या तऱ्हेचे दोन मोबाइलवरूनच मागवले, एक ठेवायचा, एक परत पाठवायचा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि परीक्षा घेतली. दोन्हींत पाणी आणि बर्फ भरून शंभर वेळा हलवले. हो, शंभर. मोजले. उलटे धरले. एकाची टोपी धातूवर धातू बसणारी होती. बर्फाने आक्रसली आणि काही केल्या निघेना, मग निघाली तेव्हा ओटाभर पाणी. दुसऱ्याला झाकणाच्या आतून पांढरी रबरी रिंग होती. तो कागदावर थेंबभरही गळला नाही. पण मला रबराबद्दल शंका होती. प्रयोगशाळेत रबरी बुचांना वास धरलेला मी आयुष्यभर पाहिला होता.

म्हणून मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. दोन्ही शेकर मोबाइलपुढे धरले. तो दुकानात बसला होता, मागे पाइपांची वेटोळी दिसत होती. त्याने झाकणं अगदी जवळ धरायला लावली, नळाचा माणूस जसा बघतो तसं बघितलं.

‘‘अक्का, ज्याला आतनं वॉशर हाय, त्योच घे,’’ तो म्हणाला. ‘‘गळाय नको.’’

‘‘वास धरेल रे रबर.’’

‘‘सरबताचा कसला वास धरतोय?’’ तो हसला. ‘‘लिंबाचा धरला तर धरू दे की.’’

मीही हसले. धातूच्या टोपीचा परत पाठवला आणि रिंगचा कराडला नेऊन दिला.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर दुसऱ्या रविवारी मी सकाळच्या एसटीने कराडला जायची. पिशवीत काकवीची बाटली, कोकम, कधी तासगावची द्राक्षं, एप्रिलमध्ये उकडलेल्या कैऱ्यांचा गर. चार वाजता भाऊ ओट्यापाशी उभा राहायचा आणि शेकर हलवायचा. सुरुवातीला खुळखुळा वाजवल्यासारखा, मग हळूहळू त्याला लय सापडली. स्टीलवर दव धरायचं, बोटं गार पडायची, तो टोपी काढून त्या गाळणीतून पेल्यात ओतायचा. पहिला पेला मला. कधी नव्हे इतका नीट वागायचा. मी मिटक्या मारत प्यायची आणि भावजयीला म्हणायची, ‘‘बघ, कसा रंगलाय.’’ ती मान डोलवायची आणि भांडी आवरायला जायची. ती मुळात कमी बोलते, असं मी धरून चालले. दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायचो आणि मी साडेसहाची एसटी धरायची. तो स्टँडवर सोडायला यायचा. इस्लामपूरपर्यंत मला खिडकीशी बसून उगाच बरं वाटत राहायचं.

या भाद्रपदात शेजारच्या काकूंनी पर्युषणाचे दहा उपवास केले. वय त्र्याहत्तर, दिवसातून एकदा नुसतं पाणी, तेही उकळून गार केलेलं. दहा दिवस मी त्यांच्याकडे जाऊन बसायची, त्या भिंतीला टेकून डोळे मिटून असायच्या. अकराव्या दिवशी सकाळी पारणं, म्हणजे उपवास सोडणं. ‘‘बाई, तुमच्या हातचं सरबत घेऊन सोडीन,’’ असं त्यांनी स्वतः सांगितलं. माझ्यासाठी याहून मोठा मान नव्हता. वीसेक बायका येणार. मी आदल्या रविवारी कराडहून शेकर मागून आणला. भाऊ जरा थबकला. ‘‘नवा घेऊन देऊ का?’’ म्हणाला. मी म्हटलं, असलेला काय वाईट आहे? भावजयीने तो चिंचेने घासून, पुसून, कापडात बांधून दिला. बांधताना तिने गाठ दोनदा सोडून परत मारली, हे मला नंतर आठवलं.

पारण्याच्या सकाळी मी शेकर आमच्या गाळलेल्या पाण्याने धुतला आणि कोकमाचं सरबत केलं, बर्फ न घालता, काकवी आणि चिमूटभर जिरेपूड घालून. तो लाल-सोनेरी रंग गाळणीतून काकूंच्या पेल्यात पडला. त्यांनी णमोकार मंत्र म्हटला, तीन घोट घेतले आणि म्हणाल्या, ‘‘बाई, जीव गार झाला.’’ बायका त्यांच्या पाया पडल्या, मग काहीजणी माझ्याही. भावाचा नियम कसा आहे, कुणीतरी विचारलं. ‘‘भक्कम,’’ मी म्हणाले.

घरी येऊन शेकर धुवायला घेतला. रिंगेखाली कोकमाचं साल अडकलं होतं. वर्षभरात ती रिंग कधी काढली नव्हती. मी केसातली पिन घालून उचकटली. साल निघालं, आणि वास आला.

आधी वाटलं काकवी आंबली असेल. मग नाक जवळ नेलं. मी विज्ञानाची बाई असले तरी तो वास ओळखायला मला विज्ञान लागलं नाही. पंधरा वर्षं राखीच्या दिवशी भाऊ ओवाळून घ्यायला वाकायचा तेव्हा शर्टातून हाच वास यायचा. तरीही मी रिंग उकळत्या पाण्यात टाकली, कारण माझ्यातली मास्तरीण हट्टी आहे, तिला पुरावा पाहिजे. पाणी तापलं तसा रमचा तो गोडसर, जळका वास वाफेबरोबर स्वयंपाकघरभर झाला. मी गॅस बंद करून खाली बसले. माझ्या डोक्यात भाऊ नव्हता. काकूंचे ते तीन घोट होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने कराडला गेले. रिंग रुमालात बांधून नेली. भाऊ दुकानात जायला निघाला होता. मी ती ओट्यावर ठेवली. त्याने पाहिली आणि खुर्चीत बसला. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. इतके दिवस इतकं छान जमलं होतं, आज का नाही?

‘‘कवापासनं?’’ मी विचारलं. रागाच्या भरात मीही आमच्या गावाकडच्या बोलीवर आले होते.

‘‘तिसऱ्या महिन्यात.’’

मी बोटांवर हिशेब केला. नियम श्रावणात. शेकर दिवाळीच्या तोंडावर. ‘‘म्हंजे मी दोन्ही शेकर तुला फोनवर दाखवत हुते तवा?’’

‘‘तवा चालूच हुतं, अक्का.’’

‘‘आणि तू मला वॉशरचा घ्यायला लावलास.’’

तो खाली बघत म्हणाला, ‘‘तूच म्हणली हुतीस, हाताला काम पायजे. मला त्यात हलवून लय गार लागायचं.’’ आणि हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, की क्षणभर मला तो सहा वर्षांचा दिसला, आणि दुसऱ्या क्षणी त्याला थोबाडावं वाटलं. मी त्याला म्हटलं, तुझ्या पोटात दुखलं तर मी मिरजेला येणार नाही. म्हटलं, ज्यात तू दारू हलवलीस त्यातून वर्षभर मला पाजलंस, आणि काल त्यातूनच एका म्हातारीचा दहा दिवसांचा उपवास सोडवला मी. माझा चहा तर बाजूलाच राहिला. पण तो बाजूला राहीना. चारशे दिवस झाले असतील. त्यातले जवळजवळ साडेतीनशे मी कशासाठी काढले? तो रडला. उठून दुकानात गेला.

मग मी भावजयीकडे वळले. तिच्यावर तर मी जास्तच तुटून पडले. नवऱ्याला दारूचं वेड आहे, तुला कसलं वेड होतं, असं विचारलं. ती पदराला हात पुसत उभी होती.

‘‘अक्का, तुमी यायच्या रविवारी ते सकाळपासनं हात लावत न्हवते,’’ ती म्हणाली. ‘‘तुमची गाडी जाईस्तोवर. पंधरा दिवसांतनं त्येवढाच एक दिवस. सांगितलं आस्तं तर तुमी यायच्या थांबला आस्ता.’’

‘‘आणि शेकर? निदान तो वेगळा ठेवायचा होतास.’’

‘‘मी रोज घासत हुते की. चिंचेनं, राखेनं, लिंबानं.’’ तिचा आवाज चढला, मी तिच्या तोंडून असा आवाज पहिल्यांदा ऐकला. ‘‘त्या रिंगचं न्हाई लक्षात आलं मला.’’

मला तिचं म्हणणं कळलं. कळून राग गेला असं मात्र झालं नाही. दोघांनी मिळून मला एका जागी बसवून ठेवलं होतं, हातात पेला देऊन, आणि मी तिथे आनंदाने बसले होते. माझ्या येण्याचा त्यांनी वेळापत्रकासारखा उपयोग केला. मी दिवस मावळायच्या आत जेवून निघते, हे माझ्या भावाला माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. माझ्या धर्माची वेळ त्याने स्वतःच्या सोयीसाठी वापरली, आणि हे मला दारूपेक्षा जास्त लागलं. शेकर मी परत दिला नाही. तो आता माझ्याकडे माळ्यावर आहे, रिंगेशिवाय.

परतीच्या वाटेवर ठरवलं, घरी गेल्यावर पहिलं काम चहा. नियमाची अटच तशी होती. त्याचा मोडला, माझा सुटला. आणि दुसरं काम, काकूंना जाऊन खरं सांगायचं, त्यांची माफी मागायची. आले, हातपाय धुतले, पातेलं ठेवलं, पाणी उकळलं. चहाची पत्ती घरात नव्हतीच, वर्षभर कुणी आणली नव्हती. ती आणायला चप्पल घालून बाहेर पडले तर काकूंनी त्यांच्या दारातूनच हाक मारली. त्यांच्याकडे चार-पाच बायका जमल्या होत्या, पारण्याची विचारपूस करायला. काकू खुर्चीत बसल्या होत्या, तोंडावर तेज आलं होतं. त्यांनी माझा हात धरून जवळ बसवलं.

‘‘बाई, तुमच्या त्या सरबतानं काय समाधान झालं म्हणून सांगू. आजवर एवढे उपवास केले, असं पारणं झालं न्हवतं.’’

मी तोंड उघडलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, दहा दिवस पाण्यावर राहिलेली, आणि तिला मी सांगायचं की तुझ्या पोटात पहिल्यांदा काय गेलं. मला ओट्यापाशी पदराला हात पुसणारी भावजय दिसली. मी तोंड मिटलं.

काकूंच्या सुनेने चहाचा ट्रे आणला. वेलदोड्याचा वास आला. पत्ती चांगली उकळलेली होती, रंगावरूनच मला कळतं. ट्रे माझ्यापुढे आला आणि माझा हात खरंच उचलला गेला.

‘‘अगं, बाईंना चहा कशाला?’’ काकू सुनेवर रागावल्या. ‘‘त्यांच्या भावाचा नियम हाय न्हवं? दूध आण त्यांना.’’

सून जीभ चावून आत गेली. एकजण मला म्हणाली, ‘‘भाऊ बरा हाय न्हवं?’’

‘‘बरा आहे,’’ मी म्हणाले.

दूध आलं. ते मी सगळ्यांच्या देखत प्याले. गेले दोन महिने मी जिथे जाईन तिथे तेच पिते आहे, आणि घरी पत्ती अजून आणलेली नाही. येत्या रविवारी भावजयीचा फोन येईल, ‘‘येताय न्हवं?’’ म्हणून.